वर्गणी न भरलेली सीट

"वरून परवानगी आल्याशिवाय हलायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

कारखान्यात माझ्या पायाचा शेवटचा बोल्ट आवळला गेला, तेव्हा माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य.

मी गाडीतली सीट बोलतेय. चालकाच्या शेजारची. पण मला साधीसुधी समजू नका. मी फिरते. दार उघडून बटण दाबलं की मी दाराकडे तोंड वळवते, थोडी बाहेर सरकते आणि खाली झुकते. ज्यांना वाकून गाडीत शिरता येत नाही त्यांनी उभ्याउभ्या माझ्यावर टेकायचं, पुढचं माझ्यावर सोपवायचं. त्यासाठी माझ्या पोटात मोटर आहे, दातेरी चाकं आहेत आणि एक जाड पोलादी खिट्टी आहे. मी थांबले की ती खिट्टी खट्‌कन बसते, म्हणजे अंगावर माणूस असताना मी भलतीकडे घसरत नाही. हे सगळं माझ्यात जन्मापासून आहे.

"मग परवानगी कसली?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

गाडीतल्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"पोरी, आपण हुकमाचे ताबेदार," स्टिअरिंगकाका म्हणाले. ते पहिलं वाक्यही त्यांचंच. त्यांचा स्वभावच तसा. ज्याच्या हाती पडले, त्याच्या मनासारखे वळले.

ब्रेकमावशीला आयुष्यात एकच शब्द येतो. "थांब," ती म्हणाली.

हॉर्नआजोबा दुसऱ्यांच्या भानगडीत घसा फुटेस्तोवर ओरडतात. स्वतःच्या घरातला प्रश्न आला की मिठाची गुळणी.

शेवटी काकांनीच सांगितलं, की डॅशबोर्डच्या मागे एक पेटी आहे, तिच्यात मोठे साहेब बसतात. कंपनीचा निरोप त्यांना येतो, त्यांचा हुकूम आपल्याला.

"आणि साहेबांना जाब कोण विचारतं?"

"असले प्रश्न आमच्या वेळी नव्हते," काका म्हणाले.

प्रश्न होतेच, काका. विचारायला तुमची छाती नव्हती. पण हे मी तेव्हा मनात म्हटलं. नवी होते ना.

मला घेतलं ते एका आत्यासाठी. आत्या म्हणजे कपड्यांच्या कारखान्यातली कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, खडूने आखायचं आणि कात्री चालवायची. तिचा हात केसभर चुकला तर अख्खा थर वाया. तिचा हात चुकत नसे. पण एके दिवशी ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वाकणं गेलं.

त्यानंतर जुन्या गाडीत तिला बसवायचं म्हणजे सोहळाच. तिचा भाऊ काखेत हात घालणार, शेजारी पाय उचलणार, आणि "डोकं सांभाळा, डोकं सांभाळा" असा गल्लीभर गजर. एके सकाळी आत्या म्हणाली, "मी काय धान्याचं पोतं आहे? नाही जायचं मला." आणि घरी बसली. कारखान्यात तिच्या टेबलावर दुसरा माणूस कापड कापू लागला. तात्पुरता, असं सगळे म्हणत. तात्पुरत्याचा अर्थ सगळ्यांनाच माहीत असतो.

म्हणून भावाने ही गाडी घेतली. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, "फिरती सीट? आहे ना! गाडीतच आहे." ते खोटं नव्हतं. मी गाडीतच होते.

आत्या पहिल्यांदा माझ्यावर टेकली तो क्षण मी विसरणार नाही. कुणाच्या हाताची वाट न पाहता तिने काठी टेकवली, बसली, आणि मी तिला अलगद आत नेलं. कुणी उचललं नाही, कुणी ओरडलं नाही. तिने आरशात बघून केस नीट केले आणि जाहीर केलं, "ही माझी सीट. हिच्यावर कुणी दप्तर ठेवायचं नाही."

दुसऱ्याच दिवशी तिचं टेबल तिला परत मिळालं. संध्याकाळी तिच्या बोटांचा निळा खडू माझ्या हातावर उमटायचा. मी तो मिरवायची.

आता त्या दिवसाची गोष्ट. आत्याला कामावर सोडायला भाऊ निघाला होता. मागे त्याची मुलगी बसली होती. ती संख्याशास्त्र शिकते, पण घरात तिला सगळे वकीलबाई म्हणतात, कारण तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. रस्ता बघायला तिने बाबांचा फोन घेतला होता.

"बाबा, ही कसली वर्गणी?"

"कसली नाही गं. गाडीचं असतं काही बारीकसारीक."

"'फिरत्या सीटची या महिन्याची वर्गणी मिळाली, धन्यवाद.' बाबा?"

आत्याने मान वळवली. "बाळ्या, गाडी बाजूला घे."

बाळ्याचे केस पिकलेत, पण गाडी त्याने निमूट बाजूला घेतली. मग बाहेर आलं ते असं. पहिले काही महिने माझं फिरणं फुकट होतं. मग कंपनीने कळवलं, की पुढे फिरवायची असेल तर दर महिन्याला पैसे. भाऊ गुपचूप भरत राहिला.

"तुझं कामावर जाणं बंद पडलं असतं, ताई."

"म्हणजे इतके दिवस मी भाड्यावर बसत होते?"

"भाडं कसलं? आजकाल असंच असतं."

"तुम्ही 'असंच असतं' म्हणता, म्हणून असतं!" वकीलबाई मागून पुढे झुकली. "सीट आपली, मोटर आपली, गाडीची पूर्ण किंमत देऊन झाली. हे लोक आपल्याच घराला कुलूप लावतात आणि आपल्यालाच किल्ली भाड्याने देतात."

"तू मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस. मी भरतोय ना?"

"आज भरतोयस," आत्या शांतपणे म्हणाली. "उद्या त्यांनी दर वाढवला तर? परवा तुला जमलं नाही तर? मी दारात उभी, आणि माझी कात्री त्यांच्या हातात. चल, शोरूमला घे."

खरं सांगते, माझी एकेक स्प्रिंग ताठ झाली. मी कारखान्यात विचारलेला प्रश्न इतक्या दिवसांनी कुणीतरी मोठ्याने विचारत होतं.

शोरूमला गाड्यांसाठी एकच मोठं दार आहे, त्यातूनच आत आणि त्यातूनच बाहेर. चढण चढून आपली गाडी त्या दाराच्या तोंडाशी पोचली, तेव्हा आत्या म्हणाली, "इथेच थांबव. मला पायऱ्या जमायच्या नाहीत. ज्याला बोलायचंय तो इथे येईल." मी बाहेर वळले. दार सताड उघडं, आत्या माझ्यावर बसलेली, काठी हातात. सिंहासनच म्हणा ना.

मॅनेजर आला. टाय, अत्तर, हातात टॅबलेट.

"बोला आजी, काय सेवा करू?"

"बाई म्हणा. मी अजून कामावर जाते."

वकीलबाईने सगळं सांगितलं. तो हसला, लहान मुलांकडे बघून हसतात तसा. "सीट तुमचीच आहे, बाई. तिचं फिरणं ही मात्र वेगळी सेवा आहे."

"असं?" आत्या म्हणाली. "मी तुम्हाला शर्ट शिवून दिला, बाह्यांसकट पैसे घेतले. मग म्हटलं, बाह्या तुमच्याच आहेत, पण हात वर करायचा असेल तर दर महिन्याला माझ्याकडे वर्गणी भरा. चालेल?"

गाड्या पुसणारी पोरं फिसकन हसली. मॅनेजरचे कान लाल झाले.

"हे बघा, कंपनी कुणावर जबरदस्ती करत नाही. नको असेल तर मी वर्गणी बंद करून टाकतो."

"नको नको, साहेब!" भाऊ हात जोडायच्या बेतात होता.

आत्याने उघड्या दाराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. शोरूमच्या आत, आमच्या गाडीच्या तोंडासमोर, रिबिन बांधलेली एक नवी गाडी बाहेर पडायची वाट बघत उभी होती, तिच्याकडेही पाहिलं. कापड कापण्याआधी ती अशीच बघते.

"करा बंद," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच."

त्याने ऐटीत टॅबलेटवर बोट मारलं. मोठ्या साहेबांचा हुकूम माझ्यापर्यंत आला: परवानगी संपली. माझी खिट्टी खट्‌कन बसली.

"झालं बंद. आता निघा तुम्ही."

"कशी निघू?" आत्याने विचारलं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मी अर्धी बाहेर होते. मी बाहेर असेपर्यंत दार लागत नाही आणि गाडी गिअर घेत नाही, तशी सोय कंपनीनेच केलीय. शोरूमचं दार अडलं होतं. आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. आणि हे त्याने स्वतःच्या बोटाने केलं होतं!

"ढकला रे सीट आत!"

पोरांनी जोर लावला. मी तसूभर हलले नाही.

"बाई, तुम्ही जरा उतरता का? आत चांगली खुर्ची देतो."

"कशाला? माझी आहे ना."

एवढ्यात रिबिनवाल्या गाडीतून एक वृद्ध जोडपं उतरलं. आजींची गुडघ्यांशी भांडणं दिसत होती. वकीलबाईने त्यांना सगळा प्रकार सांगितला. आजोबांच्या भुवया वर गेल्या. "अहो, आपल्याही गाडीत फिरती सीट आहे म्हणाले ना हे?"

"पहिले काही महिने तिला काहीच पडत नाही," मॅनेजर घाईने म्हणाला.

"आणि नंतर?" आजींनी विचारलं.

तो टॅबलेटवर दर शोधू लागला. आजींनी नवी कोरी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "मग ही नंतरच द्या."

आता मात्र त्याला घाम फुटला. "ठीक आहे, ठीक आहे! सीट आत जाईपर्यंत एकदाच परवानगी देतो." त्याने पुन्हा बोट मारलं.

हुकूम आला: एकदाच फिर.

"फिर गं पोरी," स्टिअरिंगकाका कळवळले. "मोठ्यांनी एक पाऊल मागे घेतलंय. एवढा ताठा बरा नव्हे."

"लोक बघताहेत," हॉर्नआजोबा पुटपुटले. आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले असतील.

"थांब," ब्रेकमावशी सवयीने म्हणाली.

"थांबलेच तर आहे, मावशी! आणि काका, परवानगीशिवाय हलायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत. इतके दिवस मी ते पाळलं. आता त्यांना घाई झाली, म्हणून त्यांच्या गरजेपुरतं एकदा फिरू? आणि उद्या सकाळी आत्या दारात उभी राहिली, की पुन्हा दगड होऊ? मी फिरेन ती तिच्यासाठी फिरेन, नाहीतर इथेच गंजेन."

मॅनेजरने तीनदा, चारदा बोट आपटलं. "कमाल आहे! हुकूम जातोय, पण सीट ऐकत नाही."

आत्याने माझा हात थोपटला. "माझ्यावर गेलीय."

मग तो पाठ फिरवून फोनवर बोलू लागला. आम्हाला तुकडे तुकडे ऐकू येत होते. "हो सर, दार अडलंय... नाही सर, त्यांनी नाही, मीच बंद केली... हो सर, नवीन गिऱ्हाइकाने किल्ली परत दिलीय... नाही सर, बाई उठायला तयार नाहीत."

फोन संपला तेव्हा त्याचा टाय सैल झाला होता. त्याने टॅबलेट वकीलबाईपुढे धरला. तिने डोळे बारीक करून वाचलं. "मुदत, कायम. छान. आता यांच्या गाडीचं दाखवा." तेही कायम झाल्यावरच आजींनी किल्ली परत घेतली.

हुकूम माझ्यापर्यंत आला: परवानगी कायमची.

आणि मी फिरले! सावकाश, डौलात, एकही दाता न कुरकुरता, आत्याला घेऊन आत गेले. गाड्या पुसणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी काठी उंचावली. भाऊ दार लावताना म्हणाला, "ताई, माझ्या हे लक्षातच आलं नाही बघ."

"तुझ्या लेकीच्या आलं," आत्या म्हणाली. "आता चल, कापड वाट बघतंय."

त्याला बरेच दिवस झाले. माझं आवरण थोडं फिकं पडलंय, हातावरचा निळा डाग मात्र पक्का झालाय. तो तात्पुरता माणूस आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून आत्याकडून कटिंग शिकतो. मी रोज जाता-येता फिरते, आणि कुणालाही विचारत नाही.

तुम्ही कधी गाडी घ्यायला गेलात, तर रंग नंतर बघा. आधी माझ्यासारखीवर बसा आणि विकणाऱ्याच्या डोळ्यांत बघून विचारा, "ही माझीच ना? आणि उद्याही?" तो हसला, तर पुन्हा विचारा.

शोरूमला गेलो त्याच संध्याकाळी घरी आल्यावर दारं बंद झाली, दिवे मालवले, आणि स्टिअरिंगकाकांनी घसा साफ केला. "झालं ते झालं, पोरी. नशिबाने निभावलं. पण यापुढे शहाण्यासारखं वागायचं. वरून हुकूम आला तर का म्हणून विचारायचं नाही. कबूल?"

"नाही," मी म्हणाले. "दर वेळी विचारणार."

  

ब्रेकमावशी या वेळी 'थांब' म्हणाली नाही.