दोन गळ्यांचा पट्टा

मित्रांनो, गाईच्या कातड्याचा एक जुना जोडपट्टा तुमच्याशी बोलतो आहे. मधे हातभर साखळी आणि दोन टोकांना दोन गळपट्टे, असं माझं रूप. इस्त्रिया नावाच्या दूरदेशीच्या मुलखात, तिथल्या टेकड्यांवर, शिकारी कुत्र्यांना असं जोडीनं रानात नेतात. मला म्हाताऱ्या झ्वानेंनी स्वतःच्या हातानं शिवलं, चरबी चोळून मऊ केलं. घरात त्यांना सगळे नोनो म्हणतात, म्हणजे आजोबा. चुलीजवळची खुंटी ही माझी जागा.

माझ्या एका टोकाला ब्रिना असे. आखूड, मऊ केसांची, पांढरी, कानांवर नारिंगी रंग उतरलेली. दुसऱ्या टोकाला रुसो. रंग तोच, पण अंगभर राठ केस आणि हनुवटीला दाढी. दोघांच्या जाती वेगळ्या, आणि दोन्ही आता मोजक्याच घरांत उरल्या आहेत. ससा डोळ्यांना दिसायची त्यांना गरज नसते. जमिनीला नाक लावायचं, माग लागला की आवाज द्यायचा आणि देत राहायचं. नोनो माळावर उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगत, ससा कुठल्या बाजूला वळला ते.

इथल्या माणसांचा मात्र एक कडक रिवाज आहे. माग नसताना कुत्रा ओरडला तर ते म्हणतात, तो खोटं बोलला. आळशी कुत्रा चालतो, चोरटा चालतो. खोटारडा चालत नाही. त्याच्या मालकाकडेसुद्धा लोक हसून बघतात.

पुढे नोनोंचा गुडघा धरला. एका संध्याकाळी त्यांची सून फूमा चुलीवर पालेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट पेज, ढवळता ढवळता म्हणाली, "नोनो, एकच ठेवू या. या कुत्र्यांना रोज रान लागतं. तुमचा गुडघा असा, माझा दिवस गोठ्यात जातो. नुसते बांधून ठेवायचे तर पाळायचे कशाला?"

"कोणतं ठेवू तेही तूच सांग."

"ब्रिनाला. पावसातून आली तरी एका फडक्यात कोरडी होते. रुसोच्या अंगातली कुसळं काढता काढता माझा जीव जातो. शिवाय हट्टी. तुमच्यावरच गेलाय."

"थंड वाऱ्यात ते केसच त्याचं पांघरूण आहे, फूमे. काटेरी झुडपात ब्रिनाचे कान रक्तबंबाळ होतात, तो मात्र तसाच घुसतो." नोनोंनी गुडघा चोळला. "पण तिला मी मांडीवर वाढवलंय. बघू. रविवारी दोघांना रानात नेतो. काय ते तिथेच ठरेल."

रविवारी बरोबर खालच्या गावचा बेपो आणि आणखी काही शिकारी होते. दोघांना मोकळं सोडून नोनोंनी मला खांद्यावर टाकलं. दोघांनाही माग लागला. आवाज देत ते रचलेल्या दगडांच्या एका जुन्या भिंतीपाशी आले. तिथे माग तुटला. रुसो गप्प होऊन पुढे निघून गेला आणि बऱ्याच वेळानं त्याचा दुसरीकडून आवाज आला. ब्रिना तिथेच राहिली. पुढचे पाय दगडांवर टेकून ती भिंतीवर ओरडत राहिली.

"झ्वानेकाका, तुमची ब्रिना दगडांची शिकार करते की," बेपो म्हणाला. "फूमावहिनींना सांगा, आज दगडाचाच रस्सा करा."

"असेल बाबा, भिंतीत ससा बिऱ्हाड करून असेल," दुसरा कुणी म्हणाला. सगळे हसले.

नोनोंनी शीळ घातली. ती येईना. त्यांचा चेहरा लाल झाला. लंगडत जाऊन त्यांनी तिला ओढलं, मला तिच्या गळ्यात अडकवलं आणि हळूच म्हणाले, "खोटारडी."

तिचा गळा माझ्याखाली थरथरत होता. त्या गळ्याला मी ती पिल्लू असल्यापासून ओळखतो. माग खरा असला की तो असाच थरथरतो. पण कातड्याला जीभ नसते. मी गप्प राहिलो, आणि तिला फरफटत घरी आणणारा पट्टा मीच होतो. त्याची मला लाज वाटते.

निवड झाली. रुसो राहिला. ब्रिनाला बेपोनं नेलं. "कोंबड्या राखेल," तो म्हणाला. "तिथे खोटं बोललेलं चालतं." तिला देताना नोनोंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

मग हिवाळा आला, बर्फ पडलं. रुसोला घेऊन नोनो हळूहळू त्याच भिंतीपाशी गेले. बर्फात सशाची ताजी पावलं भिंतीपर्यंत येऊन संपली होती. नोनोंनी सहज मान वर केली. भिंतीच्या माथ्यावर, दगडांवरच्या बर्फात, तीच पावलं एका ओळीत पुढे गेली होती. दूर द्राक्षमळ्याजवळ सशानं खाली उडी मारली होती.

नोनो बर्फातच बसले. त्या संध्याकाळी त्यांच्या हातातली जपमाळ पुढे सरकेना.

संत अंतोन म्हणजे जनावरांचे रखवालदार. त्यांच्या दिवशी चर्चसमोर जनावरांना आशीर्वाद देतात. नोनो रुसोला माझ्या एका टोकाला अडकवून आले होते, बेपो गाढव आणि शेळ्या घेऊन.

"ब्रिना कुठे?" नोनोंनी विचारलं.

"घरी बांधलीय. इथे आणून लोकांना हसवू काय? तशी आता ओरडतही नाही ती. कोल्हा कोंबडी घेऊन गेला तरी गप्प."

नोनोंनी टोपी काढली. जनावरांवर शिंपडायचं तीर्थ पाद्रीबाबांच्या हातात तसंच राहिलं. "ऐका जरा. ससा भिंतीवरून गेला होता. परवा मी पावलं पाहिली. ब्रिना खरं बोलली होती. खोटं मी बोललो, तुमच्या हसण्याला भिऊन."

कुणी हसलं नाही. बेपो गाढवाचा कान चोळत राहिला. मग म्हणाला, "चला काका. घेऊन येऊ तिला."

नोनोंना पाहताच ती शेपूट हलवत आली आणि माझ्यासाठी तिनं आपणहून मान पुढे केली. ती गुरगुरली असती तर बरं झालं असतं. नोनोंच्या हातांना बक्कल लावता येईना. शेवटी ते बेपोनं लावलं.

आता रोज सकाळी बेपो येतो, मला खुंटीवरून काढतो आणि दोघांना रानात नेतो. बरोबर नोनो जमेल तितकं चालतात. फूमा रुसोची कुसळं काढते, ब्रिनाच्या कानांना तेलही लावते.

मित्रांनो, घरी कुत्रा आणाल तेव्हा केस आखूड की राठ, तुमच्या घराला कोणता झेपेल, हे जरूर बघा. पण तो जिथे ओरडेल तिथे तुम्हांला काही दिसलं नाही, तर हसू नका. जरा थांबा. चहूकडे बघा, वरही बघा.

कारण ब्रिना परत आली, पण तिचा आवाज अजून आलेला नाही. माग सापडला की रुसो ओरडतो. ती मात्र थांबते आणि आधी वळून माणसांच्या चेहऱ्यांकडे बघते. तेव्हा नोनो मान खाली घालतात.