सबीनाचा विस्तव

"आज विस्तव न्हाई द्यायची!" सबीना दारातनंच ओरडली. "मे महिन्याचा पयला दिस हाय. आज घरातला निखारा भाईर गेला की मागनं घराचं भाग्य जातं. आईनं शिकवलं न्हाई व्हय तुला?"

शेजारची बिडी लोखंडी भांडं घेऊन उंबऱ्यात उभी होती. "काकू, टेकाडाकडं बघ तरी! कोर्टाचा बेलिफ घर खाली कराया निघालाय. संगं पोलीस हाईत, छप्पर पाडनारं पहारवालं हाईत. घरच चाललंय, आता भाग्य काय उरावर घिऊन बसतीस?"

आयर्लंडातल्या मेयोच्या डोंगराकडून ओला वारा सुटला होता. सबीनाचा नवरा हिवाळ्यातच गेला आणि लंडनला बसलेल्या जमीनदाराला तिच्या बटाट्याच्या रानात मेंढरं दिसू लागली. मेंढरू बरं असतं, ते उलटून बोलत नाही. पण सबीनाचा जीव रानापेक्षा चुलीत अडकला होता. सासूच्या सासूनं पेटवलेला विस्तव रोज रात्री राखेत झाकायचा, पहाटे फुंकायचा. बटाटे सडून माणसं मेली त्या सालीही तो विझला नव्हता. आणि बेलिफ घरात शिरला की आधी चूलच विझवतो.

"ने बाई," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. निखारे बाहेर जाताना तिला बघवलं नाही.

बेलिफनं चुलीत बादली ओतली. चिखलात तिचं हंडी-बोचकं फेकलं. पहारी लागल्या आणि गवती छप्पर खाली आलं.

"हिला कुणी घरात घेतलं, तर त्याचंबी छप्पर पाडीन!" बेलिफ गावाकडे बघून गरजला.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. इथं वासे पडले आणि शेजारी मान फिरवून उभे राहिले. त्यांचा कुणाला राग येऊ नये, सगळ्यांना पोरंबाळं होती.

संध्याकाळी बिडी धावत आली. सबीना बांधाच्या आडोशाला ओली शाल लपेटून कुडकुडत होती.

"काकू, समद्यांनी आपापल्या चुली विझवल्या आन तुझ्या निखाऱ्यानं पेटवल्या! त्यो मेला माणसाला घिऊ नका म्हनला, विस्तवाचं कुठं बोलला? आज घराघरात तुझाच विस्तव हाय बघ!"

सबीनानं गावाकडं पाहिलं. प्रत्येक धुराड्यातून धूर निघत होता. तिचे डोळे भरून आले.

"लई ग्वाड केलंत," ती म्हणाली. "मग आता सांग बये, कुणाच्या चुलीपाशी यिऊन बसू?"

बिडीनं मान खाली घातली. पाऊस वाढला, तशी ती आपल्या घराकडे वळली.