हळदीच्या थप्पीखालची वायर

उत्तमरावाच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. शिरड शहापुरात कुणाच्या बोअरला पाणी लागलं तरी इतकी माणसं जमत नाहीत, आणि इथं तर नुसतं कॉम्प्युटरचं नेट सुधारायचं होतं. मधल्या खोलीच्या दाराला भगवा पडदा. पडद्याआड तरंगनाथ महाराज, पडद्यापुढं त्यांचा चेला सोनाजी, आणि सोनाजीच्या हातात घंटी.

"डोळे मिटा समद्यांनी!" सोनाजी ओरडला. "वायरीतला राहू बाहेर निघून राहिला. ज्याचा डोळा उघडा दिसंल त्याच्यात शिरंल!"

पन्नास-साठ शहाण्या माणसांनी पटापट डोळे मिटले. त्यात दोन पदवीधर होते आणि एक निवृत्त तलाठी. उत्तमरावाची माय शालूबाई मात्र टक्क उघड्या डोळ्यांनी खांबाला टेकून बसली होती.

"माय, मीट की डोळे!"

"येऊ दे त्या राहूला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, त्याला बसायला जागा कुठली?"

आतून महाराजांचा खर्जातला आवाज आला, "ॐ ह्रीं स्पीडाय नमः!" लोकांनी हात जोडले. शालूबाईनं पानाची पिंक टाकली.

झालं होतं असं. तिची नात प्रतिक्षा हिला पुण्याच्या एका कंपनीचं काम घरबसल्या मिळालं होतं. दवाखान्यांचे विम्याचे कागद कॉम्प्युटरवर तपासून पाठवायचे. महिनाभर पारख, मग नोकरी पक्की. पहिला आठवडा झकास गेला. मग एकाएकी नेट असं मंदावलं, की एक कागद उघडेपर्यंत चुलीवरचा भात शिजावा. नेटवाला आला, नेटच्या डब्यापाशी मोबाइल धरला, "इथवर तर बराबर येऊन राहिलं" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कंपनीच्या बाईनं शेवटचं सांगितलं, शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर दुसरी मुलगी बघू. आज शुक्रवार होता.

"आजी, डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर बघाय पायजे," प्रतिक्षा सोमवारपासून घोकत होती. "पण ती हळदीच्या थप्पीखालून गेली."

"थप्पीला हात लावायचा न्हाई," शालूबाईनं ठणकावलं होतं. पोती एकदा रचली की हिंगोलीच्या बाजाराला निघेस्तोवर हलवायची नाहीत, हलवली की भाव पडतो, हा तिच्या सासूचा नेम. शालूबाईनं तो चाळीस वर्षं पाळला होता आणि तीन सुनांकडून पाळून घेतला होता. मग काय, वायर बघता येत नाही म्हणून उत्तमरावानं महाराज आणला.

पडदा सरकला. भिंतीवरच्या खुंट्यांवरून लाल नाडा गुंडाळलेली वायर डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंत गेली होती. उत्तमरावाला खुर्चीत बसवलं. सकाळी कॉम्प्युटरवर नेटच्या वेगाचा आकडा पाच होता. आता काटा चढत चढत चौऱ्याण्णवला टेकला.

"चौऱ्याण्णव!" ओसरी दणाणली. "बोला, तरंगनाथ महाराज की..."

"जय!"

"महाराज, माझा टीव्ही बी आडकून राहिला," शेजारची सुमनबाई पायांवर पडली.

महाराजांनी हात वर केला. "वायर तीच आहे. मी फक्त शुद्ध केली. पण ती आता सिद्ध झाली, तिला बाईचा विटाळ चालणार नाही. या कन्येनं कॉम्प्युटरला हात लावला की राहू परत आलाच समजा. पैसा मला वर्ज्य. हळदीची दोन पोती मठात पोचती करा."

प्रतिक्षाचा चेहरा उतरला. उत्तमराव घसा खाकरून म्हणाला, "पोरी, तू मागं उभी राहून सांग. बटनं मी दाबतो."

"तू?" शालूबाई उठली. "तुला अजून ट्रॅक्टरचा गेर सापडत न्हाई, तू विम्याचे कागद तपासणार? सरक." ती दारात येऊन उभी राहिली. शाळेत ती दुसरीच्या पुढं गेली नव्हती, पण शेताचा पाइप तुंबला की मोटारीपासून तोटीपर्यंत हातानं चाचपत जायचं तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिनं डब्यापासून लाल वायरीवर बोटं ठेवली आणि चालत कॉम्प्युटरपाशी गेली. मग वळली.

"महाराज, वायर तीच ना?"

"तीच, माताजी."

"ती थप्पीखालून गेली होती. आता खुंटीवर हाय. थप्पी तर हलली न्हाई. मग वायर निघाली कशी?"

महाराज हसले. "सिद्धी म्हणतात तिला."

"बरं. मग थप्पीखाली आता वायर नसंल. नसली तर दोन काय, धाही पोती तुमची, आन मी तुमच्या पाया पडते." तिनं पोरांना हाक मारली. "उचला रे पोती."

"माय, नेम!" उत्तमराव दचकला. "भाव पडंल!"

शालूबाईनं पदर कमरेला खोचला. "पडू दे," ती म्हणाली. "माझ्या नेमाखाली काय दडलंय ते बघू एकदाचं."

पोती हलली, फळ्या निघाल्या, खालच्या विटा निघाल्या. जुनी वायर तिथंच पडली होती, विटेच्या धारेखाली पापडासारखी चपटी. महाराजांनी तिची दोन्ही टोकं नुसती उपसून आपली नवी वायर लावली होती.

"आता नाडा सोड," तिनं नातीला सांगितलं. लाल नाड्यातून निळी वायर निघाली. हिंगोलीत कोणत्याही दुकानात मिळते तीच, वर छापसुद्धा शाबूत.

"बस खुर्चीत. लाव हात."

प्रतिक्षा बसली. चौऱ्याण्णव.

"आता जुनी जोड, आन उत्तम, तू बस. पुरुष हायस ना? शुद्ध हायस ना?"

उत्तमराव बसला. पाच.

ओसरीवर कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळेच.

"वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात," प्रतिक्षानं सांगितलं. "विटेनं त्या चेंगरल्या. मग दोन्हीकडची यंत्रं पळायचं सोडतात आन रांगून राहतात. थप्पी लागली त्याच दिवसापासून नेट बिघडलं, आजी."

"कन्या वाचाळ आहे," महाराज झोळी आवरत पुटपुटले.

"अन् तू चोरटा हायस," शालूबाई कडाडली. "उद्या तुझी वायर उंदरानं कुरतडली असती, तर खापर माझ्या पोरीच्या डोक्यावर आन हळद तुझ्या मठात! चांगली सोय लावली व्हती रे! बाईचा हात चालत न्हाई म्हणं. ही हळद निंदली कुणी? काढली कुणी? शिजवली कुणी? तवा न्हाई तुला विटाळ दिसला?"

सोनाजी घंटी टाकून केव्हाच पसार झाला होता. महाराज त्याच वाटेनं गेले. घाईत एक खडाव दारातच राहिली.

शालूबाई ओसरीकडं वळली. "आन तुमी! शिकल्या-सवरल्या माणसांनी डोळे मिटले, म्हणून त्याला हात चालवता आला. कुणी डोळे मीट म्हणलं की आधी त्याचे हात बघावेत. पाणी येईना तर पाइप चाचपावा. हिरीत पाणी हाय, तोटीला न्हाई, मग मधीच कुठंतरी दाबलंय, एवढंच की! त्याला राहू कशाला लागतो?"

सुमनबाईनं हळूच विचारलं, "पण शालूबाई, थप्पी हलली... भाव?"

"भाव बाजार ठरवतो, माझी सासू न्हाई." तिनं एकदा विस्कटलेल्या पोत्यांकडं पाहिलं. आवाज खाली आला. "चूक माझी बी व्हती. पोरगी सोमवारपासून सांगत व्हती आन मी ऐकलं न्हाई. त्या भोंद्याला दार मीच उघडून दिलं."

मग तिनं जुनी वायर वेटोळं करून खुंटीला टांगली, सगळ्यांना दिसेल अशी, आणि माणसांना बाहेर काढलं. "निघा आता. पोरगी कामाला बसली."