दादासोची देखरेख

दादासो फौजेतनं हवालदार होऊन आला आणि आटपाडीजवळ सूत रंगवायची शेड टाकून बसला. शेडचं लाल पाणी ओढ्याला जायचं, आणि ओढ्यावर अमृतची मेंढरं पाणी प्यायची. शनिवारच्या बाजारात लालभडक तोंडं बघून गिऱ्हाइकं विचारायची, मेंढरं पान खात्यात काय? अमृतला काही हसू आलं नाही. त्यानं ग्रामसभेत ठरावच करून घेतला: पुढल्या सोमवारपर्यंत पाण्याचा रंग जायला पाहिजे, नाहीतर शेडला कुलूप.

दादासोची सून माया विज्ञान शिकलेली. तिनं सांगलीच्या आपल्या कॉलेजातल्या मॅडमकडनं जिवाणूंचा एक कॅन आणला. हे रंग तोडतात म्हणाली. रंगाचं पाणी साठवलेल्या हौदात सोडायचे, साखर कारखान्याची थोडी मळी खायला घालायची, झाकायचं आणि हात लावायचा नाही. दादासोनं सगळं ऐकलं, शेवटचं सोडून.

वर कुणी उभं नसलं की कुणी काम करत नाही, हे फौजेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी शिकवायचं? जिवाणू झाले म्हणून काय आभाळातनं पडलेत? दर तासाला तो झाकण काढायचा, बांबूनं हौद तळापासनं ढवळायचा, वर चार शिव्या हासडायचा. माया नको नको म्हणायची. कालची पोर, म्हणून तो आणखी जोरात ढवळायचा. शनिवार उजाडला तरी पाणी कुंकवासारखंच.

त्यात फलटणचा साडू वारला. आता सोमवारी सावडणं उरकल्याशिवाय सुटका नव्हती. बांबू मायाच्या हातात देऊन, तासातासाला ढवळ, असं तीनदा बजावून तो एस्टीत बसला. दोन दिवस त्याचं निम्मं रडणं साडूसाठी होतं आणि निम्मं शेडसाठी.

सोमवारी दुपारी परतला, तर शेडपुढं ही गर्दी. संपलं सगळं, म्हणत तो आत घुसला. हौदाकाठी अमृत उभा होता. त्यानं आपला पांढरा टॉवेल पाण्यात बुचकळून वर काढला, पिळला, उन्हात धरून बघितला. टॉवेल पांढराच होता. कुलूप आणलेला ग्रामपंचायतीचा शिपाई कुलूप घेऊनच परत गेला.

माणसं पांगल्यावर दादासोनं मायाला विचारलं, "किती येळा ढवळलंस?"

"एकदाबी न्हाई, मामा. ढवळलं की हवा लागती. मग ती नुसती मळी खात्यात, रंगाकडं बघतबी न्हाईत."

दादासोला मनापासनं लाज वाटली.

"म्हंजे मी न्हवतो म्हणून झालं, म्हण की."

त्यानं करगोट्याला बांधलेली शेडची किल्ली सोडली आणि तिच्या हातावर ठेवली.