उजवं इंजिन

नांदेडला सकाळी उतरताच वैमानिकानं सांगितलं, "वर गंधकासारखा वास आला. समोरची काचही धुरकट झालीय."

आफ्रिकेतल्या ज्वालामुखीची राख दोन दिवस आभाळात होती. कंधारची महामाया इथं विमानांची इंजिनं तपासायची. तिनं इंजिनाच्या तोंडावर बोट फिरवलं. करडी, खरखरीत पूड लागली. तिनं विमान जागीच थांबवलं.

लगेच मुंबईहून मॅनेजर आदिनाथसरांचा फोन. "अगं, धूळच ना? पुसून घे आणि उड्डाणासाठी सही कर. प्रवासी खोळंबलेत."

"धूळ नाही सर, ज्वालामुखीची राख म्हणजे काचेचा चुरा. आत वितळून पात्यांवर बसतो. कॅमेरा घालून बघितल्याशिवाय सही नाही."

इंजिनात घालायचा नळीचा कॅमेरा नेमका लातूरला. सहकारी संगमेश्वर एका खासगी विमानाच्या तपासणीसाठी घेऊन गेलेला. तो जीपनं पोचेपर्यंत दुपार झाली. डावं इंजिन बघून झालं, स्वच्छ निघालं, आणि कॅमेऱ्याचा पडदा काळा पडला. बॅटरी खलास.

"चार्जर द्या."

संगमेश्वरनं डोकं खाजवलं. "मॅडम, तिथंच राहिला की."

"कॅमेरा आणलात, चार्जर न्हाई आणला? काय करून राहिलात तुम्ही?"

पुन्हा सरांचा फोन. "डावं चांगलंय ना? मग उजवंही तसंच असणार. दोन्ही एकाच हवेतून आलीत."

"उजवं जुनं, जास्त तापतं, राख तिथंच जास्त वितळते. त्याच्यासाठी तुम्ही सही करा, सर."

फोन कटला. प्रवाशांना गाडीनं पुढं पाठवलं. जाताना ते तिलाच बोल लावत होते.

संगमेश्वरनं लातूरच्या माणसाकरवी चार्जर एसटीच्या ड्रायव्हरकडं दिला. संध्याकाळी महामाया स्वतः बसस्टँडवर गेली. बस उभी होती, ड्रायव्हर चहाला गेलेला. तीन हॉटेलं पालथी घातल्यावर तो सापडला. "हाव, हाय की डिक्कीत," म्हणत त्यानं आधी कप संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या इंजिनात कॅमेरा शिरला. आतल्या पात्यांवर काचेचा चकचकीत थर होता. पात्यांना गार ठेवणारी बारीक भोकं निम्मी बुजली होती.

"बापरे," संगमेश्वर पुटपुटला. "उडालं असतं तर?"

तिनं नोंदवहीत लिहिलं, उजवं इंजिन बदलावं. खाली सही केली आणि फोटो सरांना पाठवले.

लगेच फोन आला. सर म्हणाले, "बरं झालं. पण नवीन इंजिन बसवून उद्या दुपारपर्यंत होईल ना?"

महामायानं फोन संगमेश्वरच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा त्यांना," म्हणाली, आणि उजव्या इंजिनाची झाकणं उघडायला शिडीवर चढली.