कॉन्टेसाचा जड ब्रेक

रंगूबाईंनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, पाठ सीटला टेकवली आणि होता नव्हता तेवढा जोर उजव्या पायात आणून ब्रेक दाबला. पेडल ढिम्म हललं नाही.

"काकी, पाय तसाच ठिवून गाडी चालू करा," बॉनेटमधून कपिल म्हणाला. "इंजिन लागलं की पेडल आपसूक खाली बसाय पायजे."

इंजिन लागलं. पेडल होतं तिथंच राहिलं.

आष्ट्याच्या कपिल मिस्त्रीनं सांगलीहून दुसरा बूस्टर आणून सकाळीच बसवला होता. ब्रेकला जोर देणारा तो पत्र्याचा डबा बदलला की काम झालं, असं त्यानं छातीठोक सांगितलं होतं. आज ब्रेक सुधारला नाही, तर उद्या शिरवळचा एक माणूस ही जुनी कॉन्टेसा गाडी विकत घेऊन जाणार होता. तसा शब्द रंगूबाईंचे यजमान, निवृत्त हवालदार मानसिंग, यांनी देऊन ठेवला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना हा ब्रेक दाबवत नव्हता. "माझ्या पायाला जमंना, तिथं तुझ्या पायाचं काय घिऊन बसलीस," म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. रंगूबाईंना मात्र गाडी हवी होती आणि ती स्वतः चालवायची होती. त्यासाठी लेकाच्या लहान गाडीवर त्यांनी पुन्हा हातही बसवून घेतला होता.

एरवी कुणी चाकात हवा भरत असलं तरी हवालदार दहा सूचना करायचे. आज ते गोठ्यापाशी खुर्ची टाकून म्हशीकडं बघत बसले होते.

"काकी, जरा इकडं या," कपिल हळूच म्हणाला.

इंजिनची ओढ बूस्टरपर्यंत नेणारा रबरी पाइप त्यानं सोडवला होता. पाइपच्या आत बाभळीच्या लाकडाचं गोल तासलेलं बूच घट्ट बसवलेलं होतं. बाहेरून काही कळायची सोय नव्हती.

"ह्ये मिस्त्रीचं काम न्हाई. लय निगुतीनं केलंय कुनीतरी."

रंगूबाईंनी बूच तळहातावर घेतलं. विळ्याच्या मुठीपासून पाटाच्या पायापर्यंत घरात असं तासकाम एकच माणूस करत होता. वीसेक वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण करून त्या हीच गाडी घेऊन आटपाडीला माहेरी गेल्या होत्या. गणपतीत गेल्या, त्या दिवाळी करूनच परतल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत ब्रेक जड झाला आणि त्यांचं गाडी चालवणं सुटलं. "गाडीचं वय झालं," असं हवालदारांनी सांगितलं होतं.

त्या गोठ्यापाशी गेल्या आणि बूच हवालदारांच्या मांडीवर ठेवलं.

"आवं, ह्ये काय?"

हवालदारांनी एकदा बघितलं आणि पुन्हा म्हशीकडं तोंड फिरवलं.

"घर खायाला उठलं हुतं तवा," ते म्हणाले. "पुन्यांदा गेलीस आन् आलीच न्हाईस तर, असं वाटायचं."

रंगूबाईंना संताप आला. इतकी वर्षं एस.टी.त उभ्यानं माहेर गाठल्याचं आठवलं. मग ध्यानात आलं, की स्वतःच बसवलेल्या बुचाशी हा माणूस इतकी वर्षं रोज ब्रेकवर लाथा मारून झुंजत होता. त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावावा लागला.

"नुसतं 'जाऊ नगं' म्हनला असता, तर गुडघा तरी वाचला असता."

कपिलनं पाइप जोडला. या खेपेला इंजिन लागताच पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. रंगूबाईंनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि फाटकाशी येऊन नुसत्या चवड्याच्या दाबानं गाडी उभी केली. तिथं हवालदार काठी टेकून उभे होते. अंगात धुतलेला सदरा होता.

"शिरवळवाल्याला फोन केला. गाडी द्यायची न्हाई म्हनून सांगितलं."

"बरं केलं."

"कुठं निघालीस?"

"आटपाडीला."

हवालदार जरा घुटमळले. मग वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेले, दार उघडलं आणि ऑपरेशनचा पाय हातानं उचलून आत घेत शेजारी बसले.

"परत कवा यायचं, ते मी ठरवनार," रंगूबाई म्हणाल्या.

"व्हय," हवालदार म्हणाले आणि सीटचा पट्टा लावू लागले.