आप्पांच्या गाडीतलं हिरवं तीर्थ

सोमवार उजाडला की वळसंगच्या रुद्रप्पाच्या मळ्यात पाय ठेवायला जागा नसायची. मैंदर्गी, मंद्रूप, कुठून कुठून माणसं टमटम भरून यायची. मधोमध हार घातलेली जुनी विलायती मोटार आणि तिच्या बॉनेटवर रुद्रप्पाच्या गेल्या वर्षी वारलेल्या वडिलांचा, आप्पांचा फोटो.

"आप्पा गेल्यात म्हनून कोन म्हनतंय?" रुद्रप्पा गाडीशेजारी उभा राहून गर्जायचा. "आप्पा हितंच बसल्यात! जन्मभर लोकांस्नी झाडपाला दिला, आता तीर्थ देत्यात. लई गोड हाय, पन साखर उतरवतंय! रंग बगा, साक्षात बेलाचं पान! कुटलाबी विंजिनेर आना, कुटनं येतंय सांगू द्या की!"

मग तो किल्ली फिरवायचा. इंजिन तापलं की समोरच्या काचेवर आतून धुकं चढायचं. "आप्पांचा श्वास!" बायका हात जोडायच्या. पाठोपाठ डॅशबोर्डखालून हिरवे, गोड थेंब तांब्याच्या गडूत टपकू लागायचे.

गर्दीच्या कडेला रुद्रप्पाचा धाकटा भाऊ विरुपाक्ष उभा असायचा. तो सोलापुरातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि देव मानायचा नाही. अशा माणसाला हे सगळं बघून राग यायला हवा. पण त्याच्या पोटात जे पेटायचं तो राग नव्हता. शेवटच्या आजारपणात आप्पा त्याच्या घरी होते. त्यांची अंघोळ, त्यांचं पथ्य, अंथरूण बदलणं, सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं, वच्छलानं केलं. अण्णा, म्हणजे रुद्रप्पा, सणासुदीला तोंड दाखवून जायचा. वाटणीत गाडी मात्र अण्णाला, आणि आता आप्पा प्रकटले तेही अण्णाकडेच! 'यायचंच होतं, तर माझ्याकडे का नाही?' हा विचार आला की त्याला स्वतःचीच लाज वाटायची. जे मुळात खरंच नाही, त्याचाही हेवा वाटावा?

पुढे वच्छलाही सोमवारी मळ्यात जाऊ लागली.

"अहो, त्या धुक्याला कसा गुळमट वास येतो. आप्पा काढा उकळायचे ना, तस्सा."

"तूसुद्धा?"

"तुम्हाला भावोजींचं बघवत नाही, एवढंच आहे."

ते खरंच होतं.

अशात मंद्रूपच्या रामहरीचं प्रकरण घडलं. त्याला साखरेचा आजार. गोळ्या सोडून तो दर सोमवारी चमचाभर तीर्थ घ्यायचा. त्या सोमवारी मात्र त्यानं अख्खा पेला रिचवला. थोड्या वेळानं तो झिंगल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला, जीभ जड झाली. "आप्पा आंगात आलं!" म्हणून लोकांनी त्याच्या कपाळाला भस्म फासलं आणि पाया पडले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, लघवी थांबली, तेव्हा घरच्यांनी त्याला सोलापूरला दवाखान्यात आणलं.

तिथली डॉक्टर शगुफ्ता ही विरुपाक्षची जुनी विद्यार्थिनी. तिनंच फोन केला.

"सर, पेशंट तुमच्या भावाच्या मळ्यातलं पाणी प्यायलाय म्हणे. दारू घेतलेली नाही, तरी झिंग होती. आता किडनी काम करत नाहीये. काय आहे त्या पाण्यात?"

हिरवं. गोड. इंजिन तापल्यावरच येणारं. विरुपाक्षला इंजिन थंड ठेवणारं कूलंट आठवलं. पण ते तर पुढे रेडिएटरमध्ये असतं; गाडीच्या आत कसं येईल? मग त्याच्या लक्षात आलं: गाडी थंड मुलखातली. तिच्यात हीटर असणार! सोलापूरच्या उन्हात तो कुणाला आठवणार?

त्याला आनंद झाला, आणि त्याच आनंदानं तो दचकला. तिकडे माणूस डायलिसिसवर होता, आणि याच्या डोळ्यांपुढे आधी आलं ते अण्णाचं पडलेलं तोंड.

त्यानं लगेच भावाला फोन लावला. "अण्णा, ते विष आहे. थांबव."

"जळतुयास तू," म्हणून रुद्रप्पानं फोन आपटला.

पुढच्या सोमवारी विरुपाक्ष जुन्या गाड्यांचा मेकॅनिक एजाज याला घेऊन मळ्यात गेला.

"अण्णा, इंजिनिअर आणा म्हणत होतास ना? आणलाय."

गर्दीसमोर दिलेलं आव्हान रुद्रप्पाला मागे घेता येईना. एजाजनं बॉनेट उघडलं. इंजिनाकडून दोन रबरी नळ्या पत्र्यातून आत गेल्या होत्या. त्यानं त्या काढून एकमेकींना जोडल्या.

"हां, अब चालू करो."

इंजिन तापलं. आरती झाली. काच स्वच्छ, गडू कोरडा.

"आप्पा रुसलं की," एक म्हातारी कुजबुजली.

"रुसले नाहीत, आजी. गरम पाण्याची आतली वाट बंद केली," विरुपाक्षनं सांगितलं.

एजाजनं डॅशबोर्ड खोलला आणि खटपट करून विटेएवढी पितळी पेटी बाहेर काढली. तिच्या सांध्यावर हिरवं किटण चढलं होतं. एक तोंड बुचानं बंद करून त्यानं ती बादलीत बुडवली, दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप लावला. सांध्यातून बुडबुडे फुटले.

"हा हीटरचा गाभा," विरुपाक्ष म्हणाला. "थंडीत गाडी उबदार राहावी म्हणून इंजिनातलं गरम पाणी यातून फिरतं. हा गळतोय. काचेवर चढते ती याची वाफ, गडूत पडतं ते कूलंट. चवीला गोड, पण जहर आहे. आधी झिंग आणतं, मग किडन्या घालवतं. रामहरीच्या अंगात कुणी आलं नव्हतं."

"मग येवढं गळून संपत कसं न्हाय?" कुणीतरी विचारलं.

उत्तर आलं रुद्रप्पाच्या बायकोकडून, सुंदरम्माकडून, अगदी हळू. "दर आयतवारी गाडीत डबा वततात की."

"जळतोय ह्यो!" रुद्रप्पा ओरडला. "ल्हानपनापास्नं जळतोय!"

सगळ्यांच्या नजरा विरुपाक्षकडे वळल्या.

"व्हय, जळतो," तो म्हणाला. "आप्पा याच्याकडे आले म्हणून जळलो. याची फजिती व्हावी असं आत्ताही वाटतंय. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. पेटी समोर आहे, पंप समोर आहे, स्वतः मारून बघा. सांगणारा जळका निघाला म्हणून विषाचं अमृत होत नाही."

एक शेतकरी पुढे झाला. त्यानं पंप मारला, बुडबुडे पाहिले, आणि हातातली तीर्थाची बाटली खाली ठेवली. मग बाकीच्यांनीही ठेवल्या.

मळा रिकामा झाला. दवाखान्यानं कळवल्यावरून पोलीस जबाब घ्यायला यायचे होते. रुद्रप्पा गाडीला टेकून खाली बसला होता.

"शेवटाला आप्पा तुज्याकडं हुते," तो म्हणाला. "लोक म्हनायचे, थोरल्यानं बापाला बगितलं न्हाय. लई लागायचं रं. थेंब पडले तवा पैल्यांदा खरंच वाटलं, आप्पा माज्याकडं आले. मग कळलं, गाडीचंच पानी हाय. पन लोक पाया पडाय लागले हुते..."

विरुपाक्षला वाटलं होतं, आज आपल्या पोटात थंडावा पडेल. तो भावाशेजारी मातीत बसला.

रामहरी वाचला, पण त्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या अजून सुटलेल्या नाहीत. एजाजनं नवा गाभा बसवला. आता इंजिन कितीही तापलं तरी काचेवर धुकं चढत नाही. त्या मळ्यात शहाणीसुरती माणसं येत होती. हात जोडून वाकायची सवय आपल्याला आहेच. ओंजळ पुढे करण्याआधी एकदा डॅशबोर्डखालीही वाकून पाहावं, एवढंच.